मिरपूरची रातपाळी, कंपालाचं दुकान

१९७२ सालच्या सप्टेंबरात ब्रिटनमध्ये कुणी एक पैज लावली असती, तर बहुतेक जण ती हरले असते. समोर दोन माणसं आहेत. वीस वर्षांनी दोघांपैकी कोण बऱ्या स्थितीत असेल?

पहिला ब्रॅडफर्डला राहतो. काश्मीरचा जो भाग पाकिस्तानच्या ताब्यात आहे, तिथल्या मिरपूर जिल्ह्यातून येऊन त्याला अकरा वर्षं झाली. लोकरीच्या गिरणीत तो रातपाळी करतो. दर आठवड्याला रोख पगार हातात पडतो. भिंतीला भिंत लागून असलेल्या दगडी घरांच्या ओळीत एक घर त्याने रोकड मोजून घेतलं आहे. गावाकडे पक्क्या घराचा पाया भरून झाला आहे, बायको-मुलं नुकतीच आली आहेत, आणि गल्लीत अर्धी घरं नात्यातली आहेत.

दुसरा आजच सकाळी लंडनजवळच्या स्टॅन्स्टेड विमानतळावर उतरला. तारीख १८ सप्टेंबर. युगांडातून हाकललेल्या भारतीयांचं हे पहिलं विमान. कंपालात त्याचं कापडाचं दुकान होतं. ते कुलूप लावून, किल्ली तिथेच ठेवून तो आला. सोबत पन्नासेक पौंड, दोन बॅगा, बायको, आई, तीन मुलं. अंगावरचे कपडे विषुववृत्तावरचे. स्वयंसेवी बायका त्यांच्या खांद्यावर जुने लोकरी कोट टाकतायत आणि बस त्यांना घेऊन एका ओसाड लष्करी छावणीकडे निघाली आहे. पुढचा पत्ता कुणालाच ठाऊक नाही.

ही दोन्ही माणसं मी जुळवून उभी केलेली आहेत, पण अशी हजारो होती. पैज अर्थात पहिल्यावर लागली असती आणि बुडाली असती. पुढच्या वीस वर्षांत ब्रॅडफर्डचा गिरणी कामगार बेकार झाला, त्याच्या मुलाने टॅक्सी धरली. कंपालाच्या दुकानदाराची मुलगी फार्मसिस्ट झाली. हे का घडलं याचं एक तयार उत्तर सगळ्यांच्या जिभेवर असतं: गुजराती माणूस जात्याच धंदेवाईक, कष्टाळू, मुलांना शिकवणारा, मिरपुरी अडाणी आणि कर्मठ. हे उत्तर मला पटत नाही. त्यातलं प्रत्येक वाक्य एखाद्या घरापुरतं खरं असेलही, पण त्याने काही उलगडत नाही. उलगडा हवा असेल तर दोघांच्या मागे काय राहिलं होतं ते बघावं लागतं.

*

मिरपूरकरांची गोष्ट मुंबईच्या गोदीतून जाते, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. मिरपूर झेलमच्या काठचा डोंगराळ मुलूख. शेती पावसावर, जमिनीचे तुकडे लहान. नदीतून माल वाहणाऱ्या नावाड्यांचा इथे एक जुना धंदा होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पंजाबात रेल्वे आली आणि तो धंदा बसला. नावाडी पोटासाठी खाली सरकत समुद्रापर्यंत गेले. मुंबई बंदरातून सुटणाऱ्या इंग्रजी आगबोटींना भट्टीत कोळसा मारायला माणसं लागत. जहाजाच्या पोटातलं, जीव उकडून काढणारं ते काम. युरोपीय खलाशी ते टाळत. मिरपुरी माणसांनी ते धरलं. एक जण चिकटला की तो सारंगाच्या, म्हणजे खलाशांच्या मुकादमाच्या, कानावर भावाचं नाव घाली, भाऊ मेव्हण्याचं. आपल्याकडे गिरणीत जॉबरच्या वशिल्याने अख्खं गाव भरती व्हायचं, तसंच हे.

यातले काही जण इंग्लंडच्या बंदरांत उतरून गायब झाले. दुसऱ्या महायुद्धात माणसांची चणचण होती तेव्हा अशा काही खलाशांना कारखान्यांत घेतलं गेलं आणि त्यातले थोडे ब्रॅडफर्डला पोचले. मग १९४७ आलं. फाळणीने मिरपूर आणि मुंबई दोन देशांत गेली. बोटीवरचा रोजगार तुटला, पण इंग्लंडमधल्या दहा-वीस पत्त्यांचा धागा शिल्लक राहिला. पुढची सगळी वस्ती त्या धाग्यावर विणली गेली.

धरण त्यानंतरचं. १९६० साली भारत-पाकिस्तानचा सिंधू पाणीवाटप करार झाला आणि झेलमवर मंगला धरणाचं काम सुरू झालं. १९६७ मध्ये ते पुरं झालं तेव्हा जुनं मिरपूर शहर आणि अडीचशेहून जास्त गावं पाण्याखाली होती. लाखभर माणसं उठली. उजनीचं पाणी ओसरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं आणि लोक बघायला जातात. मंगलाचं पाणी उतरलं की जुन्या मिरपुरातले दर्गे आणि देवळं तशीच वर येतात. धरणग्रस्तांपैकी काहींना ब्रिटनचे कामाचे परवाने मिळाले, काहींनी भरपाईच्या पैशातून तिकिटं काढली. म्हणून ‘मंगला धरणामुळे मिरपूर इंग्लंडला गेलं’ असं सर्रास सांगितलं जातं. खरं तर वाट आधीच पडलेली होती. धरणाने तिच्यावर गर्दी लोटली. धरणं तर आपल्याकडेही कमी झाली नाहीत. कोयनेच्या धरणग्रस्तांची नात्यागोत्याची वाट मुंबईपर्यंतच जात होती, म्हणून त्यांच्यातले कितीतरी जण मुंबईला गेले.

ब्रॅडफर्डच्या गिरण्यांना तेव्हा माणसं कशासाठी हवी होती, हा या कथेतला कळीचा भाग आहे. युद्धानंतर मालकांनी लोकर विंचरण्याची नवी, महागडी यंत्रं आणली. पैसे वसूल व्हायचे तर यंत्रं चोवीस तास चालायला हवीत. बायकांना रात्री कामावर ठेवायला कायद्याची आडकाठी होती आणि गोरे पुरुष जास्त पगाराच्या कारखान्यांकडे चालले होते. उरली रातपाळी. ती मिरपुरी माणसांच्या वाट्याला आली, आणि काही वर्षांत लोकर विंचरण्याच्या खात्यातली रात्र जवळजवळ पूर्ण पाकिस्तानी झाली.

अशा पाळीवर इंग्रजी बोलावं लागत नाही. शेजारच्या यंत्रावर चुलतभाऊ, पलीकडे गाववाला. मुकादमाला काही सांगायचं तर एखादा दुभाष्या पुरतो. दहा वर्षं काम करून माणूस इंग्रजीची पन्नास वाक्यं शिकून बाहेर पडे, आणि त्यातली निम्मी यंत्राबद्दलची असत.

घरही तसंच. एका घरात दहा-बारा पुरुष. दिवसपाळीवाला उठला की त्याच गादीवर रातपाळीवाला आडवा व्हायचा, गादी गार पडायची नाही. गिरणगावातल्या खोल्यांमधून हे दृश्य आपण पाहिलेलं किंवा ऐकलेलं आहे. फरक इतकाच की परळच्या खोलीत भजन-मंडळ होतं, इथे खिडकीबाहेर बर्फ. बचतीसाठी ‘कमेटी’ असे. म्हणजे आपली भिशी. दर आठवड्याला सगळ्यांनी ठरावीक पौंड टाकायचे, दर वेळी एकाने उचलायचे. त्यातून मोडकळीला आलेली स्वस्त घरं रोखीने घेतली गेली. बँकेचं कर्ज नको होतं आणि मिळालंही नसतं. उरलेले पैसे मिरपूरला.

माणसं बदलत राहायची. एक जण चार-पाच वर्षं राबून परत जाई, त्याच्या जागी धाकटा भाऊ येई. कोकणातल्या चाकरमान्यासारखा हिशेब: कमाई तिथे, मन इथे. हा क्रम मोडला तो मिरपूरकरांनी नव्हे, ब्रिटिश संसदेने. १ जुलै १९६२ पासून राष्ट्रकुलातल्या लोकांवर प्रवेशाचे निर्बंध आले. कायदा येणार हे वर्षभर आधी कळल्यामुळे जो तो भावाला, मुलाला तारखेच्या आत बोलावून घेऊ लागला. आणि कायदा आल्यावर परत जाणं धोक्याचं झालं. एकदा गेलो तर पुन्हा येता येईल याची खात्री नाही. तेव्हा माणसं जागीच थांबली आणि त्यांनी बायका-मुलांना बोलावलं, कारण कुटुंबाला येण्याची मुभा होती. स्थलांतर रोखण्यासाठी केलेल्या कायद्याने पाहुण्यांचे रहिवासी करून टाकले. सरकारी अकलेचे नमुने गोळा करणाऱ्यांनी याची नोंद ठेवावी.

*

आता कंपाला. पूर्व आफ्रिकेतले भारतीय म्हणजे रेल्वे बांधायला नेलेल्या मजुरांचे वंशज, ही समजूत सगळीकडे दिसते. मोंबासापासून आत व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतचा लोहमार्ग १८९६ ते १९०१ या काळात सुमारे बत्तीस हजार भारतीय करारबद्ध मजुरांनी बांधला, हे खरं. त्यातले अडीच हजार तिथेच मेले आणि बहुतेक उरलेले करार संपल्यावर परतले. युगांडातला दुकानदार त्या रुळांच्या मागून, स्वतःच्या खर्चाने गेला: काठियावाड, कच्छ, चरोतरमधून. मोंबासापर्यंत शिडाच्या गलबताने, पुढच्या काळात मुंबईहून सुटणाऱ्या आगबोटींनी. त्या मार्गावरच्या दोन नावाजलेल्या बोटींची नावं ‘करंजा’ आणि ‘कंपाला’.

‘दुकान’ या शब्दाचं स्वाहिलीत ‘दुका’ झालं आणि तिथल्या भारतीयाचं ‘दुकावाला’. अलीदिना विश्राम या कच्छी व्यापाऱ्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आतल्या मुलखात गावोगाव दुकानं काढली. नव्याने आलेला मुलगा त्यातल्या एखाद्या दुकानात कामाला लागे, हिशेब शिके, मग उधारीवर माल घेऊन आणखी आत स्वतःची पत्र्याची टपरी टाके. नानजी कालिदास मेहता आणि मुळजीभाई माधवानी यांनी साखर कारखाने उभे केले. गोमंतकीय वेगळ्या दाराने आले: सरकारी कचेऱ्यांत कारकून, शिंपीकाम, बेकरी. इंग्रजांनी समाजाची उतरंड रचली होती. वर गोरा, मध्ये भारतीय, खाली आफ्रिकी. मधल्या पायरीवर पैसा होता, शाळा होत्या, इंग्रजी होतं, आणि खालच्या पायरीवरच्यांचा राग साठत होता. त्या रागात अन्याय किती आणि न्याय किती, हा वेगळा विषय. दुकानामागच्या खोलीत आफ्रिकी नोकराला कसं वागवलं जाई याबद्दल गुजराती घरांतून आजही फार बोललं जात नाही, एवढंच म्हणतो.

४ ऑगस्ट १९७२ रोजी युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याने ब्रिटिश पासपोर्टवाल्या आशियाईंना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितलं. सुमारे अठ्ठावीस हजार ब्रिटनमध्ये आले. काही हजार कॅनडाला गेले, काही भारतात परतले. ब्रिटनलाही ते नको होते. चारच वर्षांपूर्वी, केनियातून असेच लोक येऊ लागल्यावर, संसदेने तीन दिवसांत कायदा करून स्वतःच्याच पासपोर्टवाल्यांना दाराबाहेर थांबवलं होतं. या वेळी पंतप्रधान एडवर्ड हीथ यांच्या सरकारने, कुरकुर करत का होईना, जबाबदारी घेतली. पुनर्वसन मंडळ नेमलं, रिकाम्या लष्करी तळांवर सोळा छावण्या उघडल्या आणि नकाशावर ‘लाल’ आणि ‘हिरवे’ भाग आखले. लाल भागात आशियाई आधीच जास्त, तिथे जाऊ नका. हिरव्या भागात पांगा.

लेस्टर लाल भागात होतं. तिथल्या नगरपालिकेने तर ‘युगांडा आर्गस’ या कंपालाच्या वर्तमानपत्रात पैसे मोजून जाहिरात दिली: आमच्याकडे घरं, शाळा, दवाखाने भरलेले आहेत, तुमच्या भल्यासाठी लेस्टरला येऊ नका. ज्यांनी लेस्टरचं नावही ऐकलं नव्हतं त्यांना त्या जाहिरातीतून ते कळलं, असं तिथे हसत सांगतात. गंमत बाजूला ठेवली तरी लोक तिथे गेले ते सरळ कारणासाठी. केनियातून आलेला साडू, मामेभाऊ तिथे आधीच होता. मिरपूरकराने ज्या कारणाने ब्रॅडफर्ड निवडलं, त्याच कारणाने.

*

इथवर दोघांचं साम्य जास्त आहे. रस्त्यावर दोघांनाही एकच शिवी पडे, आणि ती देणाऱ्याला कोण पाकिस्तानी आणि कोण गुजराती याच्याशी देणंघेणं नव्हतं. कंपालाहून आलेल्यांनाही पहिली नोकरी कारखान्यातच मिळाली. शाळेचे हेडमास्तर मोज्यांच्या कारखान्यात, हिशेबनीस बुटांच्या कारखान्यात. लेस्टरच्या टाइपरायटर कारखान्यात १ मे १९७४ रोजी एकोणचाळीस आशियाई कामगार बाहेर पडले. करारानुसार दिवसाला १६८ यंत्रांनंतर बोनस द्यायचा, प्रत्यक्षात २०० नंतर दिला जातो, ही तक्रार. संपाची संख्या पाचशेच्या आसपास गेली. स्थानिक संघटनेच्या पुढाऱ्याने पाठिंबा नाकारला, संप तीन महिने चालला. पुढच्या वर्षी कंपनीने कारखानाच बंद केला. १९७६ मध्ये लंडनच्या विल्सडेन भागात फोटो धुण्याच्या कारखान्यासमोर साडी नेसलेल्या, पाच फूटही उंची नसलेल्या जयाबेन देसाई उभ्या राहिल्या. त्याही पूर्व आफ्रिकेतूनच आलेल्या. तेव्हा ‘आले आणि लगेच दुकानं थाटली’ ही परीकथा आहे. दुकान आलं ते कारखान्याने हाकललं किंवा बढती नाकारली म्हणून. म्हातारे इंग्रज दुकानदार कोपऱ्यावरची दुकानं विकत होते. पहाटे पाचला वर्तमानपत्रं उतरवायची आणि रात्री दहाला शटर ओढायचं, हे घरच्या फुकट हातांवरच परवडणारं काम. पुढच्या पिढीने संधी मिळताच ती दुकानं सोडली आणि ती औषधं, चष्मे, दात, हिशेब यांकडे वळली. धंदा खरंच रक्तात असता तर असं झालं नसतं.

मग फाटा कुठे फुटला?

एक, कंपालाचं कुटुंब एकदम आलं. बायको पहिल्याच महिन्यात शिवणयंत्रावर बसली आणि घरात दोन पगार सुरू झाले. मिरपूरकरांमध्ये नवरा आणि बायको यांच्या येण्यात दहा-दहा वर्षांचं अंतर. बायका आल्या तेव्हा गल्ली नात्याने भरलेली होती, आणि नात्याच्या नजरेसमोर कारखान्यात जाणं अवघड. त्याही शिवत होत्या, पण घरी, नगावर, कुठल्याच कागदावर न येता.

दुसरं, शहर. ब्रॅडफर्ड म्हणजे लोकर, आणि लोकर गेली की ब्रॅडफर्डचं पोट रिकामं. लेस्टरमध्ये मोजे, बूट, छोटी यंत्रं, कपडे असे बरेच उद्योग होते. एक बसला तर दुसऱ्याकडे जाता येई. मिरपूरकराने हे शहर निवडलं नव्हतं. रातपाळीने त्याला निवडलं होतं.

तिसरं कारण मला सगळ्यात वजनदार वाटतं, आणि ते पाठीमागच्या दाराचं आहे. मिरपूरकराचं दार उघडं होतं. त्याचं घर, जमीन, आईबाप, भाऊकी, इज्जत सगळं तिथे. ब्रॅडफर्डमध्ये प्रत्येक माणूस ‘आणखी पाच वर्षं’ म्हणत होता. मुहम्मद अन्वर या समाजशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये ब्रिटनमधल्या पाकिस्तान्यांवर पुस्तक लिहिलं, त्याच्या नावातच परतीची भ्रामक कथा आहे. माणूस परत जाणार असेल तर तो इथल्या घराला रंग कशाला देईल? इंग्रजी कशाला शिकेल? पैसे मिरपूरला गेले आणि तिथे दगड-सिमेंट झाले. आजही मिरपुरात इंग्लंडच्या पैशांतून बांधलेल्या कोठ्यांच्या रांगा दिसतात. संगमरवरी जिने, छतावर विमानाच्या किंवा गरुडाच्या आकाराच्या टाक्या, खाली एक राखणदार आणि वर्षाचे अकरा महिने बंद खोल्या. कोकणात मुंबईच्या पैशाने बांधलेली, मे महिन्यात उघडणारी घरं आठवा. ब्रॅडफर्डमध्ये ज्या पैशाने एखादं दुकान किंवा मुलीचं शिक्षण झालं असतं, तो तिथे उभा आहे.

कंपालावाल्याचं दार अमीनने धाडकन लावून टाकलं. दुकान गेलं, खातं गोठलं, मनीऑर्डर पाठवायला कुणी उरलं नाही. परत जायचं नाही हे विमानाच्या शिडीवरच ठरलेलं. क्रूर गोष्ट आहे, पण पैशाच्या बाजूने पाहिलं तर हाकलला गेलेला माणूस पहिल्या दिवसापासून इथे गुंतवणूक करायला मोकळा होता.

आणि लुटून आलेल्यालाही सगळं लुटलेलं नसतं. इंग्रजी, केंब्रिजच्या परीक्षा, खतावणी लिहायची सवय, घाऊक व्यापाऱ्याशी उधारी कशी ठरवायची ही अक्कल, लंडनमध्ये आधीच पाठवून ठेवलेले एखाद्या मामाचे थोडे पैसे. हे काही विमानतळावर काढून घेता येत नाही. मधल्या पायरीवर काढलेली दोन पिढ्यांची शिदोरी होती ती.

धर्माने हे ठरलं असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी दोन उदाहरणं. युगांडातून आलेल्यांत इस्माइली खोजे बरेच होते. ते मुसलमान, आणि त्यांचा आलेख हिंदू लोहाणा-पटेलांच्या बरोबरीने चढला. उलट भरूच-सुरतकडच्या खेड्यांतून थेट ब्लॅकबर्न, बोल्टन, बॅटलीच्या गिरण्यांत गेलेले गुजराती मुसलमान. भाषा कंपालावाल्यांची, पण गाव ते गिरणी हा रस्ता मिरपूरकरांचा. आणि गिरण्या बसल्यावर त्यांच्या गल्ल्यांची अवस्था मिरपूरकरांसारखीच झाली.

*

गिरण्या बसल्या त्या सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून पुढे दहा-पंधरा वर्षांत. मुंबईचा संप १९८२ चा, म्हणजे साधारण त्याच सुमारास दोन्हीकडे भोंगे थांबत होते. ब्रॅडफर्डच्या मॅनिंगहॅम भागातली लिस्टरची गिरणी, जिची चिमणी जवळजवळ अडीचशे फूट उंच आहे, नव्वदीच्या दशकात बंद पडली. आता तिथे महागडे फ्लॅट आहेत. लोअर परळकरांना यापुढचं सांगायला नको.

पन्नाशीचा, इंग्रजी न येणारा, फक्त लोकर विंचरायला शिकलेला माणूस अशा वेळी काय करतो? घरी बसतो. त्याच्या मुलाने जे सापडलं ते धरलं: टॅक्सी, खाण्याचं पार्सल देणारी दुकानं, बाजारात गाळा. त्यातच लग्नाचा प्रश्न. १९७३ पासून मजूर म्हणून येण्याची वाट बंदच झाली. उरली ती फक्त लग्नाची. गावाकडच्या भावाने हक्काने विचारावं, ‘तुझी मुलगी माझ्या मुलाला दे, त्याचं भलं होईल’, आणि ज्या भावाच्या जमिनीच्या पैशाने आपण तिकीट काढलं त्याला नाही कसं म्हणावं? मामाची मुलगी करण्याची रीत आपल्याकडे कितीतरी जातींत आहे, तेव्हा नाक मुरडण्याआधी हे आठवलेलं बरं. पण मिरपूरकरांत व्हिसाच्या कायद्याने या रीतीला अधिक पीळ दिला. दर पिढीत घरातला एक जोडीदार पुन्हा नव्याने परदेशात उतरत राहिला. घराची भाषा आणि घराची मिळकत पुन्हा पहिल्या पायरीवर. ब्रॅडफर्डमध्ये २००७ नंतर जन्मलेल्या हजारो मुलांचा मोठा वैद्यकीय अभ्यास सुरू झाला, त्यात पाकिस्तानी वंशाच्या ३७ टक्के बाळांचे आईबाप सख्खे चुलत-मामे-आते-मावस भावंडं निघाले, आणि अशा बाळांत जन्मजात व्यंगाचा धोका साधारण दुप्पट आढळला. दहा वर्षांनी त्याच शहरात पुन्हा पाहिलं तर नात्यातली लग्नं स्पष्टपणे घटली होती. शिकलेल्या मुली नाही म्हणायला लागल्या, हे त्याचं एक कारण.

आजचे आकडे सांगताना एक सावधगिरी हवी. ब्रिटनच्या जनगणनेत ‘मिरपुरी’ असा रकाना नाही, ‘युगांडावाला’ असाही नाही. ‘पाकिस्तानी’मध्ये लाहोरचा डॉक्टर येतो आणि ‘इंडियन’मध्ये काल पुण्याहून गेलेला संगणक अभियंता. तरी ढोबळ चित्र दिसतं. २०२१ मध्ये ब्रॅडफर्डची २५.५ टक्के लोकसंख्या पाकिस्तानी आणि लेस्टरची ३४.३ टक्के भारतीय वंशाची होती. स्वतःच्या घरात राहणाऱ्या कुटुंबांचं प्रमाण २०१६ ते २०१८ दरम्यान भारतीयांत ७४ टक्के, गोऱ्या ब्रिटिशांत ६८, पाकिस्तान्यांत ५८. शेवटचा आकडा गरिबीच्या मानाने बराच मोठा आहे. भिशीवर घेतलेली ती मोडकी घरं अजून कामाला येतायत. आणि शाळा संपवून विद्यापीठात जाणाऱ्यांचं प्रमाण पाकिस्तानी मुलांत आता गोऱ्या ब्रिटिश मुलांपेक्षा जास्त आहे. २०१९ चा विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडच्या संघातला आदिल रशीद ब्रॅडफर्डचा आणि मोईन अली बर्मिंगहॅमचा. दोघांचीही घराणी मिरपूरकडची. २०२४ मध्ये लॉर्ड चॅन्सेलर झालेल्या शबाना महमूद यांचंही मूळ तिथलंच. दुसऱ्या बाजूला ऋषी सुनक. वडील केनियात जन्मलेले, आई टांगानिकात.

लेस्टरचंही सगळं गोडगोड नाही. बेलग्रेव्ह रोडला ‘सोनेरी मैल’ म्हणतात, तिथे दिवाळीला रोषणाई होते, सोन्याची आणि साड्यांची दुकानं ओळीने आहेत. पण त्याच शहरातल्या कपड्यांच्या काही कारखान्यांत ताशी साडेतीन पौंडांवर, म्हणजे किमान वेतनाच्या निम्म्याहून कमी पैशात, माणसं राबवली जातात अशी प्रकरणं २०२० मध्ये बाहेर आली. शहरात आता दीव-दमणहून आलेलेही बरेच आहेत. १९६१ पूर्वीच्या पोर्तुगीज राजवटीमुळे त्यांना पोर्तुगालचा पासपोर्ट मिळाला आणि युरोपच्या दाराने ते ब्रिटनमध्ये शिरले. गोव्याची माणसं याच दाराने स्विंडनला गेली. सोनेरी मैलावरच्या मालकाची आणि दीवच्या मजुराची भाषा एकच, गुजराती. सामाजिक अंतर मात्र असं की १९७२ च्या इंग्रजालाही ओळखीचं वाटावं.

*

मेलेल्या माणसाचं काय करायचं, यावरून स्थलांतरिताचं मन कळतं. ब्रॅडफर्डमधल्या मिरपूरकरांनी फार लवकर मयतीच्या कमेट्या काढल्या. घरटी वर्गणी, कुणी गेलं की कमेटीने शवपेटी, कागदपत्रं, विमानाचं भाडं आणि सोबत जाणाऱ्या एका माणसाचं तिकीट करायचं. पहिल्या पिढीतले किती तरी जण जन्मभर ‘पाच वर्षांनी’ म्हणत राहिले आणि शेवटी असेच परतले, विमानाच्या मालखान्यातून, जुन्या गावाच्या वर धरणाकाठी वसलेल्या नव्या मिरपुरात. अलीकडे ब्रॅडफर्डच्या स्कोलमूर दफनभूमीतला मुसलमानांचा भाग वाढत चालला आहे. मुलं म्हणतात, इथे पुरलं तर शुक्रवारी जाता तरी येईल.

लेस्टरच्या हिंदूंना अस्थी परत नेण्याचा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने पडला होता. गंगा लांब, आणि कंपालात तर जाण्यासारखं काही उरलंच नव्हतं. आता शहराच्या उत्तरेला, बॅरो गावाजवळ, सोअर नदीवर त्यासाठी बोट मिळते. नदी अरुंद, काठाला बदकं. बोट मधोमध थांबते, भटजी मंत्र म्हणतात, अंगावर जाड कोट घातलेला मुलगा वाकून कलश पाण्यात रिकामा करतो, आणि बोट वळून पुन्हा धक्क्याला लागते.